शून्य भेटी

धावडमाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या कुरणाला कुंपण नाही. तार नाही, चर नाही, दगडांचा गडगाही नाही. तरी आमचा देवणी गाईंचा कळप नेमून दिलेल्या तुकड्यातच चरतो. पाहायला आलेली माणसं आधी गाईंकडे बघतात, मग लांबवर मोकळ्या माळाकडे बघतात आणि विचारतात, "या पळून कशा जात नाहीत?"

कुंपण त्यांच्या गळ्यात आहे. प्रत्येकीला एक पट्टा असतो. आकाशातल्या उपग्रहांकडून पट्ट्याला आपली जागा कळते. गाय हद्दीजवळ आली की तो बारीक शीळ घालतो. पुढे सरकली तर शीळ चढते, आणि तरी ऐकलं नाही तर मानेला हलका झटका बसतो. थोड्याच दिवसांत गाय झटक्यापर्यंत जात नाही, शिळेलाच वळते. गाय शिकते तसा पट्टाही शिकतो. कोणती गाय किती शिळेला वळते हे तो लक्षात ठेवतो. अर्ध्या शिळेत वळणारीला पूर्ण शीळ ऐकवत नाही. दोन गाई एकमेकींवर जाणार असं त्यांच्या चालीवरून दिसलं, तर दोघींपैकी एकीला आधीच बाजूला काढतो. कुणाला? जी लवकर वळेल तिला. कमीत कमी त्रासात काम व्हावं, हा त्याचा नियम. कळपाला तो लागू पडला. शिंगं मोडणं थांबलं, गाभण गाईंना बसणाऱ्या धडका थांबल्या, दूधही वाढलं.

हा शोध डॉक्टर किन्हीकर मॅडमांचा. मी तेव्हा त्या कळपामागे होते. "प्रयागबाई, आज कुणी कुणाला मारलं?" हा त्यांचा रोजचा पहिला प्रश्न असायचा.

काही वर्षांनी तोच नियम माणसांच्या मनगटावर आला.

त्याला कारण होतं. एखाद्या मुलीनं तक्रार केली की अमक्यानं माझ्याशी नको ते केलं, तर कॉलेजची समिती चौकशीला बसते. चौकशी संपेपर्यंत दोघांनी समोरासमोर यायचं नाही, असा हुकूम निघतो. हुकूम काढणं सोपं. पण मेस एक, ग्रंथालय एक, गोठा एक. रोज कुठंतरी गाठ पडायचीच. शेवटी दोघांपैकी एक जण घरी जायचा, आणि बहुतेक वेळा तक्रार करणारीच जायची. मॅडमांनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. "गाईंना जमतं ते आपल्याला का जमू नये?" असं त्या म्हणाल्या. हेतू चांगला होता, हे मी आधीच सांगते.

माणसांच्या पट्टीला शीळ नव्हती, झटका तर नव्हताच. मनगटाला थरथर जाणवायची आणि एक ओळ उमटायची. 'डावीकडच्या जिन्याने जा.' 'जेवायला थोडं उशिरा या.' बस, एवढंच. दोघांचं वेळापत्रक, सवयी, गोठ्यातल्या पाळ्या, दारांची कुलुपं, सगळं यंत्राला माहीत असायचं. कोण कधी कुठं निघेल याचा अंदाज बांधून ते वाटा आधीच वेगळ्या करायचं. मुंबईतल्या कुणी साहेबांनी त्याचं नाव 'अंतरपाट' ठेवलं.

"तौबा!" हमीदभाई म्हणाले होते. "लग्नात अंतरपाट धरतात तो खाली सोडायला. हा सोडायचा केव्हा, ते साहेबाला विचारा."

हमीदभाई कॉलेजची जनावरांची गाडी चालवायचे. आम्ही दोघंही निवृत्त झालो तसं कॉलेजनं आम्हाला पुन्हा बोलावून घेतलं. प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांना एकेक सोबती द्यायचा होता. सोबती मास्तर नको, मार्क देणारा नको, न्याय करणारा तर नकोच. सोबत्यानं बरोबर चालायचं, बरोबर जेवायचं, समितीसमोर जाताना दारापर्यंत जायचं. काय घडलं ते विचारायचं नाही. आणि एकाच प्रकरणातल्या दोन सोबत्यांनी त्याबद्दल आपसांत चकार शब्द काढायचा नाही.

तर त्या वर्षी ओवी सानप माझ्या वाट्याला आली, आणि निहार कोलते हमीदभाईंच्या. दोघं शेवटच्या वर्षाचे. चौकशीत पुढं काय ठरलं ते मी इथं सांगणार नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही.

पहिल्या दिवशी ओवी गोठ्यामागच्या हौदाच्या कठड्यावर बसली होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली. मी शेजारी बसले. बराच वेळ आम्ही पाण्यावरच्या माशा बघितल्या.

"तुम्ही विचारणार नाही?" ती म्हणाली.

"नाही."

"सगळे विचारतात. आधी विचारतात, मग म्हणतात विसरून जा."

"मी एकच विचारणार. जेवलीस का?"

तिनं मान हलवली. जेवली नव्हती. मेसमध्ये तो समोरच्या टेबलावर बसलेला दिसला होता आणि तिला उलटी झाली होती. तेव्हापासून ती खोलीत बिस्किटं खाऊन होती.

"आता पट्टी आहे," मी म्हणाले. "आता दिसायचा नाही. चल."

आणि खरंच दिसला नाही. यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या महिन्यात ओवी पुन्हा जेवायला लागली, झोपायला लागली. वर्गात पुढच्या बाकावर बसायला लागली. दारातून आत जाताना आधी डोकावून बघायची तिची सवय गेली. सोबती म्हणून माझ्याही मनगटावर पट्टी होती, तिच्यावर ओवीचेच निरोप यायचे. अक्षरं मी उशिरा शिकले, त्यामुळं ओठ हलवत वाचते. माझं वाचून होईपर्यंत ओवी वळलेली असायची.

"मावशी, तुमचं होईपर्यंत मी जेवून परत येईन," ती चिडवायची. हसायला लागली होती, याचंच मला कौतुक.

तिच्या आईचा फोन यायचा. सिन्नरकडचं घर, वडील एसटीत. "बघ, किती सोय केलीय कॉलेजनं," आई म्हणायची. "त्या पट्टीचं ऐकत जा बाई. उलटं बोलू नको कुणाला." मीही तेच सांगत होते. पट्टी थरथरली की मी म्हणायची, "चल गं, सांगतेय तसं करू. वाद कशाला?" ओवी ऐकणारी पोर होती. घरी ऐकलं, शाळेत ऐकलं. यंत्राला तिला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

हळूहळू वाटा लांबायला लागल्या. आधी जिना बदलला. मग जेवणाची वेळ उशिराची झाली, भाजी संपत आलेली असायची. मग ग्रंथालयात खालच्या मोठ्या खोलीऐवजी वरच्या माळ्यावरची जागा, जिथं पंखा नव्हता. संध्याकाळी मैदानाकडं जायचं बंद झालं. तिच्या मैत्रिणी आधी थांबायच्या. मग रोज रोज कोण थांबणार? "ओवी हल्ली वेगळीच असते," असं त्या म्हणू लागल्या, आणि त्यांना कारण सांगायची सोय नव्हती. गोपनीय होतं.

मग गोठ्याची पाळी गेली.

ओवीला मोठ्या जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. शेवटच्या परीक्षेला बसायला एक तरी अवघड बाळंतपण स्वतःच्या हातानं केलेलं असावं लागतं, नाहीतर वर्ष जातं. तिनं आपली केस धरून ठेवली होती. ठिपकी नावाची पहिलारू, पहिल्यांदाच विणारी गाय. कमरेत अरुंद, स्वभावानं गरीब. गाभण राहिल्यापासून ओवी तिच्या मागं होती. पोटाला कान लावायची, पायांवरची सूज बघायची, गुळाचा खडा चारायची. एके सकाळी पट्टीवर ओळ आली, 'यापुढची पाळी कोंबड्यांच्या शेडमध्ये.' फळ्यावर ठिपकीच्या नावापुढं निहारचं नाव लागलं होतं.

"मी बोलते मॅडमांशी," मी म्हणाले.

"नको मावशी," ओवी म्हणाली. "म्हणतील, एवढी सोय केली तरी हिचं रडणं संपत नाही."

तेव्हा तिच्या आवाजात काही नव्हतं. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात एका दुपारी आम्ही कोंबड्यांच्या शेडकडं निघालो होतो. सरळ रस्ता सोडून माळावरून लांबच्या वाटेनं, कारण पट्टीनं तसं सांगितलं होतं. कळप पाण्यावर आला होता. ठिपकी हौदात तोंड घालणार, तेवढ्यात पलीकडून वाघीण आली. वाघीण म्हणजे कळपातली मारकी गाय. आल्या आल्या ठिपकीच्या पट्ट्यानं शीळ घातली, अगदी बारीक. ठिपकी तोंड न लावताच मागं वळली आणि लांब जाऊन उभी राहिली. वाघीण सावकाश पाणी प्याली.

ओवी थांबली.

"मावशी, वाघिणीचा पट्टा कधी वाजतो?"

"आधी वाजायचा. ती ऐकत नाही. झटका बसला तरी शिंगं रोखते. मग यंत्रानंच सोडून दिलं तिला."

"म्हणजे नेहमी ठिपकीच."

"ती गरीब आहे ना. लगेच ऐकते."

हे बोलताना मला काहीच कळलं नव्हतं. ओवीनं आपलं मनगट वर केलं आणि पट्टीकडं बघत राहिली. बघता बघता तिचं तोंड उतरलं.

"मावशी," ती म्हणाली, "निहारची पट्टी वाजत असेल का हो?"

मी माझ्या मनगटावरच्या पट्टीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी नियम मोडला. कडुलिंबाखाली हमीदभाई एकटेच चहा पीत होते. आम्ही इतकी वर्षं तिथं चहा प्यायलो, पण प्रकरण लागल्यापासून एकमेकांना फक्त सलाम-रामराम.

"ठरलंय ना आपलं, प्रयागताई," मला येताना बघून ते म्हणाले. "मला काही विचारू नका. मी पचकन बोलून जातो, घरी बायकोनंही याच कारणानं मला काही सांगणं सोडलंय."

"केसचं विचारत नाही. पट्टीचं विचारते. तुमच्या पोराची पट्टी वाजते का?"

त्यांनी कप खाली ठेवला.

"सुरुवातीला वाजायची," ते म्हणाले. "तो चिडायचा. 'चाचा, मी का उशिरा जेवू? मी काय चोर आहे?' जायचाच नाही. एकदा जिना बदल म्हणाली तर मुद्दाम तिथंच उभा राहिला. मीही म्हटलं, असू दे, पोरगं आतून घाबरलंय, जबरदस्ती कशाला. मग वाजायची थांबली. महिने झाले, एकदाही नाही."

"आणि त्याला काय वाटलं?"

"त्याला? त्याला वाटलं सुटला." हमीदभाईंनी डोकं खाजवलं. "मला म्हणाला, 'बघा चाचा, यंत्रालाही कळलं माझी चूक नाही.' छान झोपायला लागला. मीही म्हटलं, प्रकरण थंड झालं असेल. तुमच्या पोरीची?"

"दिवसभर."

त्यांनी उरलेला चहा मातीत ओतला. मग म्हणाले, "माझंही पोरगं रडतं बरं का, प्रयागताई. तो खरा का खोटा, मला माहीत नाही. पण हे काय झालं? हिला कोंडलं आणि त्याला निकाल सांगितला. आणि निकाल तर अजून लागायचाय."

"मऊ लागलं म्हणून कोपरानं खणलं," मी म्हणाले.

मी ओवीला सांगितलं. लपवायचं मनात आलं होतं, पण तिच्यापासून लपवणारे आधीच खूप झाले होते. ती रडली नाही. तोंड धुतलं, केस पुन्हा बांधले आणि म्हणाली, "मॅडमांकडं मी बोलणार. तुम्ही फक्त बसा."

किन्हीकर मॅडमांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर सगळं हिरवं होतं आणि वर ठळक अक्षरं, 'भेटी : शून्य'. पुढच्या आठवड्यात बाहेरच्या कॉलेजांची माणसं हे यंत्र बघायला येणार होती. मॅडम खुश होत्या. त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

"मॅडम," ओवी म्हणाली, "वाटा कोण बदलतं?"

"यंत्र बदलतं, बेटा."

"यंत्र सुचवतं. बदलतं कोण? मी किती वेळा वळले आणि तो किती वेळा?"

"ते मलाही दिसत नाही. मुद्दामच तसं ठेवलंय. कुणाचा मार्ग किती वळवला हे बाहेर कळलं तर नाव फुटायचं. मला फक्त एकूण दिसतं. सूचना मान्य होतायत, भेटी शून्य."

"तुम्हाला उघडता येतं?"

मॅडम क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी दार लावून घेतलं, काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर दोन आडव्या रेघा उमटल्या, कोण किती वेळा वळलं त्याच्या. ओवीची पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. निहारची डाव्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी.

मॅडमांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रेघा तेवढ्याच होत्या.

"कमीत कमी त्रास," त्या हळू म्हणाल्या. "तोच नियम मी उचलला. कळपात बरोबर होता तो. कळपात कुणाचा त्रास हे विचारावं लागत नाही, एकूण बघायचं असतं." मग म्हणाल्या, "मी तुझा त्रास कमी करायला बसले होते, ओवी."

"माहितीय मॅडम."

"निम्मं निम्मं करता येईल. त्याचा मार्गही तितकाच वळवायचा. पण तो ऐकत नाही म्हणजे दारं बंद ठेवावी लागतील त्याच्यासाठी. समितीला विचारावं लागेल. तो अजून दोषी ठरलेला नाही."

"नाहीच ठरला. मीपण नाही ठरले," ओवी म्हणाली. "मी जास्त मागत नाही. निम्मंच मागते."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. "पाहुणे जाऊ दे. मग मी समितीपुढं ठेवते."

"ठिपकीचे दिवस त्याआधी भरतायत."

मॅडमांनी पडद्यावरच्या रेघा बंद केल्या.

"आणि मी वळलेच नाही तर?" ओवीनं विचारलं. "आज, उद्या. पट्टी थरथरली आणि मी सरळच गेले तर?"

"तर जोर वाढवेल. तरी नाही वळलीस तर ते दुसऱ्याला विचारेल. पण ओवी, मधे वेळ जातो. ते तुला विचारत राहील आणि तू त्याच्यासमोर गेलेली असशील. ती हमी मी देऊ शकत नाही. आत्ता शून्य आहे. मग शून्य राहणार नाही."

बाहेर आल्यावर ओवी पायरीवर बसली. "मावशी, मला वाघीण नाही व्हायचं," ती म्हणाली. "मला कुणाला मारायचं नाही. मला फक्त ठिपकीजवळ जायचंय."

"मग?"

"मला त्याची भीती वाटते अजून."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. पूर्वी मी म्हणाले असते, वाद कशाला. त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघालं नाही.

तीन दिवस गेले असतील. भर दुपारी आम्ही कोंबड्यांच्या शेडमध्ये होतो. ओवीच्या फोनवर निरोप आला. तो ठिपकीच्या गळ्यातल्या पट्ट्याचा होता. गाय वारंवार उठबस करायला लागली, अंगाची उष्णता बदलली की पट्टा तिच्या डॉक्टरला कळवतो. पाळी बदलली तरी तिथलं ओवीचं नाव काढायचं कुणीतरी विसरलं होतं. 'ठिपकी. कळा सुरू.'

ओवीनं खाद्याचं घमेलं खाली ठेवलं. तेवढ्यात मनगटावरची पट्टी थरथरली. 'शेडमध्येच थांबा.' एकाच डोक्यातून निघालेली दोन यंत्रं. एक तिला बोलवत होतं आणि एक अडवत होतं.

"चला," ती म्हणाली.

आम्ही निघालो. सरळ रस्त्यानं. तो रस्ता आम्ही इतके दिवस सोडला होता, की त्याच्या कडेचा बहावा फुलून गेलाय हे मला तेव्हा दिसलं. पट्टी थरथरत राहिली. माझ्या मनगटावरही. ओवीचे पाय प्रत्येक थरथरीला अडखळायचे, सवयीनं वळायला जायचे. ती त्यांना सरळ करायची.

गोठा लांबोडका, दोन्ही टोकांना दारं. ठिपकी या टोकाला, बाळंतपणाच्या कप्प्यात. त्या टोकाला औषधांची खोली. आम्ही आत शिरलो आणि निहार त्या खोलीतून बाहेर येत होता. हातात दोरी आणि हातमोजे. मागं हमीदभाई. पाळीवरचे डॉक्टर बाहेरगावच्या केसला गेले होते.

ओवी जागीच थांबली. निहारही थांबला. मी पदर खोचला आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. माझं अंग बऱ्यापैकी रुंद आहे. त्या दिवशी त्याचा उपयोग झाला.

"ओवी," मी मागं न बघता म्हणाले, "गाय तिकडं आहे."

ती त्याच्याकडं पाठ करून ठिपकीकडं गेली. पाठ करायला काय लागलं असेल, ते तिचं तिला ठाऊक.

ठिपकी आडवी पडून कण्हत होती. पाणमोट फुटली होती, पण एकच पाय बाहेर दिसत होता. दुसरा आत मुडपलेला. ओवीनं कपाटातून खांद्यापर्यंतचा हातमोजा काढला. तो चढवायचा तर मनगट मोकळं लागतं. तिनं पट्टी सोडली आणि मागं हात करून माझ्या हातात दिली.

"धरा मावशी."

मी ती मुठीत धरली. पट्टी कुणाच्या तरी नाडीला लागलेली असली की चालू राहते. माझी नाडी तिला चालली असावी. ती थरथरू लागली, आधीपेक्षा जोरानं. मी मूठ उघडून वाचायला लागले. 'कृ-प-या मा-गे…'

फोन वाजला. किन्हीकर मॅडम.

"प्रयागबाई, इथं सगळं लाल झालंय. तिला बाहेर काढा."

"गाय अडलीय, मॅडम. पोरीचा हात आत आहे."

"मला इथून तुमच्या टोकाचं दार उघडून बाहेर पडायची सूचना सक्तीची करता येते. तिला बाहेर यावंच लागेल. कळतंय का? मला तिला वाचवायचंय."

"कळतंय. पण तिला बाहेर काढायचं काम माझ्याच्यानं व्हायचं नाही."

भिंतीवरचा तो पडदा त्यांच्यासमोर असणार. पाहुणे यायचे होते. एकदा भेट झाली की तिथं शून्य राहणार नाही, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

"तुम्ही तिच्याजवळ आहात?" त्यांनी विचारलं.

"मधेच उभी आहे."

"मग तिथंच राहा." त्यांनी फोन ठेवला. दार उघडलं नाही.

निहार दोरी घेऊन तसाच उभा होता. "ही माझी केस आहे," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. तो मला म्हणत होता की स्वतःला, कळलं नाही. "माझी पाळी आहे. मी का जायचं?"

माझ्या मुठीत पट्टी इतक्या जोरानं थरथरली, की मनगटापर्यंत मुंग्या आल्या. एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा. मी मूठ आवळून धरली. मागं ओवी ठिपकीशी बोलत होती, "थांब गं, थांब, ढकलू नको, मला खूर मिळू दे…"

मग पट्टी थांबली.

गोठ्यात फक्त गाईचं कण्हणं. आणि त्या टोकाला, इतक्या महिन्यांनी, दुसरी पट्टी थरथरायला लागली. रिकाम्या गोठ्यात ती मला ऐकू आली. निहारनं मनगटाकडं बघितलं. त्यावर काय उमटलं होतं ते मला दिसलं नाही, पण त्याचा चेहरा दिसला. इतके दिवस जे संपलं असं त्याला वाटत होतं, ते संपलं नव्हतं.

त्यानं मनगट झटकलं. पट्टी थरथरतच राहिली.

हमीदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. प्रेमानंच ठेवला. "चल बाबा."

"चाचा, पण माझी पाळी…"

"तिचीही होती."

ते त्याला घेऊन त्या बाजूच्या दारानं बाहेर पडले. जाताना त्यांनी त्याच्या हातातली दोरी काढून गव्हाणीवर ठेवली. मी ती उचलून घेऊन आले.

ओवीनं मागं बघितलं नाही. तिचा हात खांद्यापर्यंत आत होता, कपाळ ठिपकीच्या कुशीला टेकलेलं, डोळे मिटलेले.

"गेला?" तिनं विचारलं.

"गेला."

"मग दोरी द्या, मावशी. दोन्ही पाय सापडलेत."